स्वस्त पिनचं कुलूप, खारी हवा आणि बंद घराचं गेट

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. छंद म्हणून कुलूप पिक करायला, म्हणजे किल्लीशिवाय बारीक हत्यारांनी उघडायला शिकतोय. बाजारात ‘पितळी’ म्हणून मिळणारं ४० मिमीचं पिनचं कुलूप रेक (दातेरी पिक) मागेपुढे केला की लगेच सुटतं. वेंगुर्ल्याच्या घराच्या गेटला तसलंच लावलंय. घर शिमग्यानंतर बंद होतं ते गणपतीला उघडतं आणि तेव्हा किल्ली आत जाते, पण फिरत नाही. पिकला सहज उघडणारं कुलूप किल्लीला का उघडत नाही? आणि गेटला लावावं काय?

पिनस्प्रिंग
दोन्हींची कारणं वेगळी. प्लग म्हणजे किल्लीसोबत फिरणारं आतलं नळकांडं. त्यातली, किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पिनांची भोकं कधीच अगदी एका रेषेत नसतात. प्लगला फिरवायच्या दिशेने हलका ताण दिला की एकच पिन आधी अडकते. ती बरोबर उंचीला उचलली की पुढची अडकते. पिकिंग चालतं ते एवढ्यावरच. स्वस्त मालात भोकं सैल, पिना साध्या सरळ आणि बहुतेक वेळा चारच. किल्ली हातात घेऊन बघा: खाचा जवळपास सारख्या उंचीच्या असतील तर रेकला फार काम उरत नाही.

सरावासाठी पुढे स्पूल पिनांचं (मध्ये बारीक, रिळासारख्या पिनांचं) कुलूप घ्या. त्यात प्लग थोडासा फिरून थांबतो आणि पिन उचलताना उलटा सरकू पाहतो. तेव्हा ताण किंचित सोडायचा. नवशिके नेमके तिथेच जास्त दाबतात. गेटवरच्या कुलपावर मात्र सराव नको. रेकने पिना झिजतात, स्प्रिंगा वाकतात.

लिव्हरवाला
माझं मत लिव्हरच्या, म्हणजे आत पिनांऐवजी किल्लीने उचलायच्या पट्ट्या असलेल्या कुलपाच्या बाजूने. पण अंगावर ‘७ लिव्हर’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. किल्लीच्या पात्यावरच्या पायऱ्या मोजा, आणि त्या वेगवेगळ्या उंचीच्या आहेत का ते बघा. सगळ्या सारख्या असतील तर आतल्या पट्ट्या कितीही असोत, एकच असल्यासारखं आहे. दोन कुलपं घेताना किल्लीवरचे नंबर वेगळे आहेत ना, तेही तपासा.

दांडी उघडून तिच्या खाचा बघा. एकाच पायाला खाच असेल आणि दाबल्यावर खटकन बसत असेल, तर आत बहुधा स्प्रिंगची जीभ आहे. ती पत्र्याच्या पातळ पट्टीनेही मागे ढकलता येते, पिक लागतच नाही. दोन्ही पायांना गोल खाचा म्हणजे आत दांडी अडकवणाऱ्या पोलादी गोळ्या. तेच घ्या.

खारंवारं
@खाडीकाठ, किल्ली न फिरण्याचं कारण मीठ. पिना पितळेच्या असल्या तरी स्वस्तात स्प्रिंगा साध्या पोलादाच्या येतात. त्या गंजून भोकातच बसतात. अंग खरंच पितळेचं आहे का, हे चुंबकाने अर्धंच कळतं. चिकटला तर लोखंड, पण न चिकटला तर जस्ताचा मिश्रधातूही असू शकतो. तळाला कानशीने जरा घासा. आत पांढरं निघालं तर जस्त.

पाऊस लागण्याआधी कुलूप काढून रॉकेलमध्ये बुडवा, आतच किल्ली घालून-काढून हलवा, घाण निघेपर्यंत. मग भोक खाली करून उन्हात पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, एक दांडीच्या भोकांत, एक किल्लीच्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. ग्राफाइटही इथे नको: ओलाव्यात मीठ मिसळलं की ग्राफाइटच्या सान्निध्यात धातू जास्त गंजतो.

प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवायची आपल्याकडची सवय सोडा. आत वाफ धरते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा वरून घाला, खालून मोकळा ठेवा.

पिनस्प्रिंग
यात एक गंमत आहे. घट्ट बसणीचं महाग कुलूप पिकला दाद देत नाही, पण मिठाचे कण आत गेले की तेच आधी अडकतं. सैल कुलूप, स्प्रिंगा गंजल्या नसतील तर, कुरकुरत का होईना, फिरतं. गेटला देखभाल होणार नसेल तर मधलंच बरं.

खाडीकाठ
स्टेनलेसची दांडी कशी?

लिव्हरवाला
समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस टिकतं, ३०४ ग्रेडवर तपकिरी डाग येतात. पण ३१६ ला पाणी देऊन कडक करता येत नाही, म्हणून कापायला सोपं. आणि कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर आधी ते बदला. आरपार बोल्ट, नट आतल्या बाजूला.

खारंवारं
पिकचा संच रात्री खिशात घालून हिंडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन जवळ सापडलं, तर कायदेशीर कारण आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.