विद्यापीठाचा वीजवापर कमी करायचाय, सुरुवात कुठून?

प्रश्न: छतावर सोलर बसवून झालं, तरी वापर फारसा उतरत नाही. शाश्वत विकास समितीकडे पैसा थोडाच आहे. आधी कशाला हात घालावा?

उत्तर १: रविवारी पहाटे २ ते ४ या वेळेत प्रत्येक इमारतीच्या मीटरचं रीडिंग घ्या. कुणी नसताना जो भार उरतो, खरी गळती तिथेच सापडते. सोलर रात्री चालत नाही, त्यामुळे हा भार तसाच राहतो.

उत्तर २: प्रयोगशाळा आधी बघा. उणे ८० अंशांचा एक फ्रीझर दिवसाला १६ ते २५ युनिट खाऊ शकतो. तो उणे ७० वर आणला तर साधारण ३० टक्के वीज वाचते आणि बहुतेक नमुन्यांना ते चालतं. पण संशोधकांना विचारल्याशिवाय सेटिंग बदलू नका. एकदा विश्वास गेला की पुढचं काहीच होत नाही. दारावरचा बर्फ काढा, गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) तपासा, फिल्टरवरची धूळ झटका.

उत्तर ३: फ्यूम हूड म्हणजे प्रयोगशाळेतलं विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट. त्याची काच खाली ओढा, अशी पाटी सगळेच लावतात. पंखा ठरावीक वेगाचा असेल तर काच ओढल्याने सुरक्षितता वाढते, पण वीज वाचत नाही. हवा बायपासमधून, म्हणजे हूडच्या दुसऱ्या मोकळ्या वाटेने, तेवढीच ओढली जाते. काचेनुसार वेग बदलणारी यंत्रणा हवी.

प्रश्नकर्ता: अख्ख्या कॅम्पसला एकच मीटर आहे. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) चालेल?

उत्तर १: चालेल, पण नोंद साठवणारा घ्या. तिन्ही फेज, सलग ७ दिवस. पॅनेल मात्र विद्युत विभागाच्या माणसाकडूनच उघडून घ्या.