घरातली कमावती बाई: तुमचे अनुभव लिहा

मीरा_बाल्टिमोर
आमच्या वॉर्डची मुख्य नर्स कृष्णवर्णीय आहे, पन्नाशीची. आईचं डायलिसिस, बहिणीचा मुलगा हिच्याच घरी, भावाचं घरभाडं, रविवारी चर्चमधलं जेवण. काल बीपी वाढलेलं असूनही ड्युटीवर आली. मला एकदम माझी आत्या आठवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पगार झाला की दारात कोणीतरी हजर, स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र दरवर्षी 'पुढच्या मे महिन्यात'.
इथे अमेरिकेत १९९३च्या कायद्याने घरच्यांच्या आजारपणासाठी वर्षाला १२ आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी. भावंडं, सासूसासरे त्यात धरत नाहीत. जिच्या पगारावर घर चालतं तिने ती घ्यायची कशी? चेरिल वूड्स-गिस्कोम्बे या संशोधिकेने २०१० साली कृष्णवर्णीय बायकांशी बोलून लिहिलंय: खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, आधी बाकीच्यांचं बघायचं. वाचताना आत्याच डोळ्यांपुढे येत होती. तुमच्याकडे आहे का कोणी अशी?

सुजाता_के
मीच. वस्तीतली पहिली इंजिनिअर. गावाकडचा फोन म्हणजे कोणाची तरी फी. नाही म्हणवत नाही गं, माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी काकाने म्हैस विकली होती. याला कोणी ओझं म्हटलं की राग येतो मला. पण पंचेचाळिशी आली तरी स्वतःच्या नावावर घर नाही, हेही रात्री टोचतंच.

राजश्री७
मार्च एण्ड, लेकाची बारावी, सासूबाईंचा गुडघा, सगळं एकदम. बँकेत आहे, अजून काय सांगू. कुकर लावलाय, नंतर येते.

अनघा_दिल्ली
आम्हा केंद्र सरकारवाल्यांना बालसंगोपन रजा ७३० दिवस, पण मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच. माझी लेक आता कॉलेजला आणि आई अंथरुणाला. आईसाठी अर्जित रजाच मोडतेय. मीरा, तुझ्या त्या नर्सला माझा नमस्कार सांग.

कविता_नगर
२००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा. बाबांच्या आजारपणाचा खर्च मी केला, आणि वर्षश्राद्धाला भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. 'ताई, तुला काय कमी आहे?' जेवणं व्हायची होती, पाहुणे बसलेले. केली सही.

राजश्री७
कविता, नोंदणी झालीय का त्याची? झाली असेल तर मोडणं अवघड, नसेल तर आजच वकील गाठ. माझ्या नणंदेचं झालंय असंच, विपू (निरोप) करते.

कविता_नगर
नाही झाली अजून! सोमवारी बोलावलंय म्हणे. कर गं विपू लगेच.

स्नेहल
मीरा, बाल्टिमोरला कुठे? भाची कॅटन्सव्हिलला आलीय, एकटीच आहे.

मीरा_बाल्टिमोर
जवळच की! नंबर दे तिला माझा. कविता, सोमवारी जाऊ नकोस.