एकनळी बारा बोअर, वर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ : ओळख आणि किंमत?

आडवाट :
नमस्कार मंडळी. थोरल्या काकांच्या मागे त्यांची एकनळी बंदूक आमच्याकडे आली आहे. परवान्याचं आणि हस्तांतराचं काम रीतसर चालू आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न किमतीचा आहे. चुलतभावाचं म्हणणं असं की ही वेस्टली रिचर्ड्सची, म्हणजे नामांकित इंग्लिश बंदूक. ती मी ठेवत असेन तर तिची मोठी किंमत धरून बाकीच्या वाटणीत मी तेवढं कमी घ्यावं. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

बंदूक मोडून भरायची आहे. घोडा बाहेर, मधोमध. वरची कळ अंगठ्याने सरकवली की नळी खाली लवते. डाव्या बाजूला ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ कोरलेलं आहे आणि भोवती थोडी वेलबुट्टी. नळीवर तपकिरी लाटालाटांची नक्षी दिसते, वर इंग्रजीत ‘चोक बोअर्ड’ असा ठसा. लांबी २६ इंच. दस्त्याला मुठीपाशी चीर गेली आहे, तिथे कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली आहे. अनुक्रमांक सापडला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाटसरू :
अहो, रिचर्ड्स म्हणजे सोनं आहे! १८१२ पासूनचं बर्मिंगहॅमचं घराणं. त्यात दमास्कस नळी. घाईने विकू नका.

जुना चाप :
रानवाटसरू, जरा दमानं. घराणं १८१२ चं हे खरं, पण ते आपलं नाव ‘वेस्टली रिचर्ड्स’ असं पूर्ण घालतं. नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ दिसलं की माझी भुवई आधी वर जाते. रिचर्ड्स आडनावाचे दुसरेही खरे इंग्लिश बंदूकवाले होऊन गेले, ते एक. आणि बेल्जियममध्ये मोठ्या नावाशी मिळतीजुळती नावं कोरून स्वस्त बंदुका जगभर पाठवायचा धंदा एके काळी जोरात होता, ते दुसरं. डब्ल्यू. रिचर्ड्स हे त्या धंद्यातलं अगदी ठरलेलं नाव. बंदुकीवरचं नाव म्हणजे दुकानाची पाटी, पैसे दिले की कुणीही रंगवून घेतो. खालचे ठसे मात्र सरकारी.

तेव्हा आडवाट, असं करा. बंदूक मोडून चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे याची स्वतः डोळ्याने खात्री करा, ‘रिकामीच आहे’ असं कुणी सांगितलं असलं तरी. मग पुढचं लाकूड काढा, नळी वेगळी करा आणि उलटी धरा. नळीच्या बुडाशी, जो भाग एरवी झाकलेला असतो तिथे, बारीक ठसे असतील. खडूची पूड चोळून वरून पुसा, खाचांत पांढरं राहील. उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. जे दिसेल ते तसंच्या तसं इथे लिहा. आणि हो, सॅंडपेपर, तारेचा ब्रश, पॉलिश यातलं काहीही लावू नका.

आडवाट :
खडूची युक्ती झकास! दिसलेलं लिहितो.
लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं, त्यांच्याखाली तारा, लंबगोलावर मुकुट. तिरप्या चौकोनात १२ आणि सी. एक खांबासारखी आकृती. ताऱ्याखाली एकच अक्षर, एन. आणि १८.३ हा आकडा. बाकी काही नाही. नळी काढलीच होती म्हणून सांगतो, लाटांची नक्षी झाकलेल्या भागात अजिबात नाही, तिथे साधं करडं लोखंड आहे.

जुना चाप :
तुमच्या चुलतभावाला नमस्कार सांगा. बंदूक बेल्जियन आहे.

लंबगोलातलं ई-एल-जी म्हणजे लिएज शहराच्या चाचणीघराचा शिक्का. ठरलेल्या जादा दारूचा बार काढून नळी टिकली की तो मारतात. तो खांब, पेरों, लिएजचीच खूण. इंग्लंडमध्ये बनली असती तर लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे ठसे असते, मुकुट आणि त्याखाली अक्षरं, किंवा मुकुटासह एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड. त्यातलं तुमच्याकडे काहीच नाही, म्हणजे वेस्टली रिचर्ड्सचा विषय इथेच मिटला.

आता वय. लिएजच्या लंबगोलावर मुकुट बसला तो १८९३ पासून. आणि १९२२ पासून तिथे दरवर्षी एक अक्षर मारायला लागले, पहिल्या वर्षी ए. तुमच्याकडे मुकुट आहे, वर्षाचं अक्षर नाही. म्हणजे या दोन सालांच्या मधली. ताऱ्याखालच्या त्या ‘एन’ला वर्ष समजू नका, तो तपासनिसाचा ठसा. इथे भलेभले फसतात आणि बंदूक वीस-तीस वर्षांनी तरुण करून ठेवतात.

१८.३ हा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. बारा बोअरचा नाममात्र व्यास १८.५ च्या आसपास, तेव्हा ठीक. (एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एक जेवढी जाड होईल तेवढी नळी, म्हणून बारा. आकडा वाढला की नळी बारीक, हे नवख्याला उलटं वाटतं.) तिरप्या चौकोनातलं १२-सी म्हणजे बारा बोअरचं चेंबर.

मला जास्त बोलायचंय ते जे दिसत नाही त्याबद्दल. उभा सिंह आणि खाली पी-व्ही असा ठसा नाही. तो बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा असतो. तो नाही, म्हणजे ही नळी काळ्या दारूवर पास झालेली आहे. आजची काडतुसं बिनधुराची, त्यांच्यासाठी ही नळी तपासलेलीच नाही. शिवाय त्या काळातली चेंबरं बहुधा ६५ मिमीची, आणि आजचं नेहमीचं काडतूस ७० चं. गंमत अशी की ते आत गुपचूप बसतं, कारण ७० हे माप उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाचं. बसलं म्हणून चालेल असं समजून लोक बार काढतात. उलगडायला जागा नसते, दाब वाढतो, आणि समोर शंभर वर्षांची नळी. ‘एकदा उडवून बघू’ हा विचार कुणाच्याही डोक्यात असेल तर तो काढून टाका.

नक्षीचं तर तुम्हीच सोडवलंत. खरी दमास्कस नळी म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली, तिची नक्षी धातूच्या अंगातच असते. झाकलेल्या जागी ती फिकी असेल पण असते, आणि कसबी माणसाने थोडं तेजाब लावलं की उठून येते. तुमची वरून छापलेली दिसते. तशीही बरीच निघत. यात वाईट वाटून घेऊ नका, त्या काळच्या स्वस्त पिळाच्या नळीपेक्षा साधी पोलादी बरी.

एक काम राहिलं. नळी २६ इंच म्हणालात. या जातीच्या एकनळ्या बहुतेक ३० किंवा ३२ च्या असायच्या. वर ‘चोक बोअर्ड’ लिहिलंय, म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळलेली हवी. कॅलिपरने तोंडाचा आतला व्यास मोजा. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, मधोमध बसली आहे का तेही बघा. आणि पुढचं लाकूड काढलेलं असताना नळी बसवून बंद करा, डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खुळखुळ आहे का?

मूल्यांकनवाली_ताई :
वारसा-वाटणीची मूल्यांकनं माझ्या कामाचा भाग आहेत, म्हणून किमतीपुरतं बोलते. इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे. तसल्या जाहिराती वर्षानुवर्षं तिथेच लटकलेल्या असतात. लिलावात खरोखर किती बोली लागली तो आकडा बघायचा, आणि तोही त्याच जातीच्या, त्याच अवस्थेतल्या बंदुकीचा. चुलतभाऊ वेस्टली रिचर्ड्सच्या दुनळीचा भाव दाखवत असतील तर तो कागद बाजूला ठेवा.

एकनळी मुळात स्वस्तात विकायला बनवलेली वस्तू. शेतावर, गोदामात, जिथे दुनळी परवडत नाही तिथे. म्हणून संग्राहक तिच्यामागे फारसे लागत नाहीत. अपवाद आहेत. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची ३७ नंबरची, १९३६ ते १९६३ मधली, चांगल्या अवस्थेत असली तर भाव खाते, आणि २८ गेजची (गेज म्हणजे बोअरच) असली तर फारच (म्हणून तिच्या नकलाही फार). गंमत म्हणजे त्या सगळ्या मालिकेवर अनुक्रमांकच नाहीत, तेव्हा अनुक्रमांक नसणं हे काही संशयाचं लक्षण नाही. ग्रीनर या इंग्लिश कंपनीची जीपी नावाची, मार्टिनी पद्धतीची (नळी न मोडता खालचा दांडा ओढून उघडायची) एकनळी हीसुद्धा मागणी असलेली. तुमची मात्र निनावी कारखान्याची, उधारीच्या नावाची, न उडवता येणारी, दस्ता चिरलेला. लिलावात हा माल ‘भिंतीवर लावायची’ या सदरात जातो. वाटणीच्या कागदावर मी तरी नाममात्र रक्कमच धरीन. लेखी मूल्यांकन घ्या आणि त्यात ठशांचे फोटो जोडायला लावा, म्हणजे घरात वाद उरत नाही.

आडवाट :
दोघांचे मनापासून आभार. मोजलं. तोंडाशी १८.३ च, म्हणजे आत आहे तेवढंच. माशी डावीकडे कललेली, तिच्याभोवती डागकामाचा फुगवटा. आणि हो, हलवली की टक-टक वाजते. ही चर्चा चुलतभावाला दाखवली. तो म्हणतो, मग तूच ठेव. आता दस्त्याची तार काढून चीर बुजवावी का? आणि नळीवर जागोजागी लाल गंज आहे.

जुना चाप :
मग नळी पुढून कापलेली आहे. आवळलेला भाग तुकड्याबरोबर गेला आणि माशी नंतर कुणीतरी हाताने डागली. परवान्याच्या कागदावर लांबी लिहायची असेल तर आजची लिहा, ठराविक मापाखालची नळी कायद्याला चालत नाही. २६ इंचाला सहसा अडचण नसते, पण लिहिलेलं आणि मोजलेलं जुळू द्या. टक-टक म्हणजे सांध्याची खीळ झिजली. दुरुस्त होते, पण खर्च बंदुकीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि उडवायची नसेल तर कशाला?

तार काढू नका. मला ते काम आवडलं, वळसे एकाला एक लागून असतील तर कुणीतरी जीव लावून केलेलं आहे. चीर वाढत नाही ना एवढं बघत जा.

गंजाला पातळ तेल लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ फडक्याने पुसा. जिथे फुगून आलाय तिथे तांब्याच्या तुकड्याची कड तेलात बुडवून हळू खरवडा, तांबं पोलादाहून मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. ठशांच्या जागी तेवढंही नको, तिथे नुसतं तेल. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.