आयपी अ‍ॅड्रेस सगळ्यांना दिसतो म्हणे, घरच्या वाय-फायला व्हीपीएन घ्यावं का?

सुरंगी_देवबाग

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मालवणजवळ देवबागला आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या खोल्या पर्यटकांना देतो. केबलवाल्याकडून फायबर घेतलंय. राउटर एकच, आणि घरचे फोन, पाहुण्यांचे फोन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) असं सगळं त्याच्यावरच चालतं.

बाबांना मोबाइलवर एक जाहिरात दिसली. लाल अक्षरांत ‘तुमचा आयपी अ‍ॅड्रेस उघड झाला आहे’, खाली खरोखरच आकडे, नेट देणाऱ्या कंपनीचं नाव आणि ‘शहर: पुणे’. बटण दाबलं की दोन वर्षांच्या व्हीपीएनचे, म्हणजे आपला पत्ता लपवून देणाऱ्या सेवेचे, पैसे एकदम भरा म्हणतात. बाबांची पेन्शन त्याच फोनवरच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसते. त्या दिवसापासून ते अ‍ॅप उघडायलाच घाबरतात आणि मला रोज विचारतात, पैसे भरूया का? त्यांना काहीतरी ठोस सांगायचंय, नुसतं ‘काही होत नाही’ म्हणून त्यांची भीती जाणार नाही.

हा आकडा नेमका कोणाकोणाला दिसतो? आम्ही देवबागला असताना पुणे का दाखवतो? त्यावरून कोणी घरापर्यंत किंवा खात्यापर्यंत पोचू शकतं का? आणि माझी स्वतःची काळजी वेगळीच आहे. मे महिन्यात घर भरलेलं असतं, पासवर्ड सगळ्यांना देतो. एखाद्या पाहुण्याने आमच्या नेटवरून नको ते केलं तर नाव आमचं येणार ना? व्हीपीएनने ते टळेल का?

खाडीकाठ

ताई, बाबांना सांगा, आयपी अ‍ॅड्रेस दिसणं हा बिघाड नाही. वेबसाइट उघडली की तिने पान परत कुठे पाठवायचं? त्यासाठी पत्ता लागतोच. तुम्ही उघडता त्या प्रत्येक साइटला तो दिसतो, त्या जाहिरातीलाही तसाच दिसला.

पुणे का, तर हे आकडे कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात आणि त्यावरून गावाचा फक्त अंदाज बांधला जातो. कंपनीचं नेट जिथून मुख्य जाळ्याला जोडलं जातं, ते शहर बरेचदा दिसतं. तुमचं दार त्यातून सापडत नाही. कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता ही नोंद कंपनीकडे असते, पोलिसांना ती कायदेशीर मार्गाने मागता येते.

शिवाय जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच. ते पुरत नाहीत म्हणून अनेक कंपन्या एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचाही तसाच वाटणीतला आहे.

मिऱ्याबंदर

बँकेचं अ‍ॅप आणि बँक यांच्यातली माहिती आधीच कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी, असते. नेट कंपनीला फार तर तुम्ही अमुक बँकेशी जोडलेले आहात एवढं कळतं, पिन किंवा शिल्लक कळत नाही. व्हीपीएन घेतलं की साइटला तुमच्याऐवजी व्हीपीएनचा पत्ता दिसतो, आणि कुठे जाता हे नेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला कळतं. विश्वास कोणावर तरी ठेवावा लागतोच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन पाच वर्षं जपून ठेवावेत असं म्हटलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

बाबांची पेन्शन जाईल ती खोट्या फोनने, लिंकने, ओटीपी सांगितल्याने. तिथे व्हीपीएन काहीच करत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे त्यांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

कुडाळचो_बाबल्या

कित्याक उगाच पैशे घालवतास? आधी राउटर बघा.

खाडीकाठ

बाबल्याभाऊंचं खरं आहे. मला तुमच्या डीव्हीआरची जास्त काळजी वाटते. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. बसवणारा माणूस ‘अ‍ॅडमिन’ ठेवून गेला असेल तर आजच बदला. राउटरचाही बदला, त्यातलं ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटर चालवायची सोय) आणि ‘यूपीएनपी’ (घरातल्या उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, अपडेट असेल तर घ्या. मुंबईहून कोणी घरचे कॅमेरे बघत असेल तर यूपीएनपी बंद केल्यावर ते दिसतात का हे तपासा.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं चालू करा. म्हणजे त्यांच्या फोनवरून तुमच्या डीव्हीआरपर्यंत जाता येणार नाही. पण बाहेर पत्ता तोच दिसेल, म्हणून तुमची शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ओळखपत्राची नोंदवही तारखेसह नीट ठेवणं आणि गेस्टचा पासवर्ड वरचेवर बदलणं. राउटरवर व्हीपीएन घातलं तरी खातं तुमच्याच नावावर राहणार, शिवाय पाहुण्यांचे बँक अ‍ॅप अडले की ते तुम्हालाच हाक मारणार.

सुरंगी_देवबाग

खूप आभार. वॅन आयपी १००.७२ने सुरू होतोय, बाबांना दाखवला. त्यांनी माझ्यासमोर बँकेचं अ‍ॅप उघडलं. डीव्हीआरचा पासवर्ड खरंच ‘अ‍ॅडमिन’ होता, बदलला. एकच विचारायचं राहिलं: भाऊ गणपतीला येतो तेव्हा ऑफिसचं काम इथूनच करतो, त्याच्या लॅपटॉपवर व्हीपीएन असतं. ते काढायला सांगू का?

मिऱ्याबंदर

नको, ते राहू दे. ते कंपनीच्या आतल्या नेटवर्कमध्ये शिरायला लागतं, त्याशिवाय त्याचं काम उघडणारच नाही. त्याला फक्त गेस्टऐवजी घरच्या वाय-फायवर जोडा.