मदत हवी आहे: 300 मध्ये पेंटबॉल मार्कर कोणता घ्यावा?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. पेंटबॉल मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडायचं हत्यार) घ्यायचाय, बजेट 300. दुकानदार टिपमन 98 कस्टम पुढे करतो, ग्रुपमधले प्लॅनेट एक्लिप्स कंपनीची एमेकच घे म्हणतात, आणि व्हिडिओ पाहावेत तर प्रत्येकाचं तिसरंच काहीतरी. शनिवारी ऑर्डर टाकायची आहे. कृपया थेट नाव सांगा.

झाडामागचा
300 डॉलर का? कुठल्या भागात खेळता? रानात की फुगवलेल्या बंकरच्या मैदानावर? मास्क आहे? गोळी ढकलणाऱ्या वायूची टाकी आहे? असेल तर हवेची की सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची)? यातलं काहीच लिहिलेलं नाही, नाव कसं सांगणार?

एडिसनकर
डॉलरच. न्यू जर्सीत राहतो, शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या रानात महिन्यातून एकदा. मास्क-टाकी तिथे भाड्याने मिळतातच की. फक्त मार्करचं सांगा.

झाडामागचा
भाड्याचा मास्क बहुतेक ठिकाणी एकेरी काचेचा असतो. दहा मिनिटं धावलात की आतून धुकं धरतं, मग माणूस काच पुसायला मास्क उचलतो. मैदानावर नेमकं हेच करायचं नसतं. गोळी सुमारे 3 ग्रॅमची, वेग सेकंदाला 300 फुटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ 12 ज्यूल. डोळ्यासाठी हे फार झालं. आधी दुहेरी काचेचा, म्हणजे थर्मल लेन्सचा मास्क घ्या, 40 ते 60 डॉलर. त्यावर एएसटीएम एफ1776 (पेंटबॉल मास्कचं सुरक्षा मानक) असं लिहिलेलं असलं पाहिजे. एअरसॉफ्टचा चष्मा चालत नाही.

उरले 240. त्यात टाकी, हॉपर (वर बसणारा गोळ्यांचा डबा), नळीवरची पिशवी (चुकून सुटलेली गोळी अडवायला) आणि मार्कर. आता सांगा, एमेक कशी बसवणार?

सह्यभटक्या
टिपमन 98, डोळे मिटून. 1998 पासून चालू असलेलं डिझाइन आहे, सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात. चिखलात पडली तरी पुसून पुढे चालू. नवी साधारण दीडशेत येते, टिपमनचीच क्रोनस त्याहून स्वस्त. टाकी लावण्याआधी एएसएमध्ये (मार्करवर टाकी बसते त्या जोडात) पेंटबॉल तेलाचे तीन-चार थेंब टाका, टाकी लावून गोळीविना दहा-बारा वेळा चाप ओढा, की तेल हातोड्याच्या (आत मागेपुढे आपटणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगपर्यंत (हवा अडवणाऱ्या रबरी कडीपर्यंत) पोचतं. डब्ल्यूडी-40 चुकूनही नको, त्याने ओ-रिंगा फुगतात.

वेग बाजूच्या ॲलन स्क्रूने लागतो. स्क्रू आत गेला की वेग कमी, बाहेर आला की जास्त. एका वेळी पावच फेरा फिरवा, तीन-चार गोळ्या क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजा, मग पुढचा पाव.

ओ_रिंग
98 मजबूत आहे हे मान्य. पण साफ करायची तर बॉडीचे दोन अर्धे स्क्रू काढून उघडायचे, आतली स्प्रिंग टुणकन उडाली की गवतात शोधत बसायचं. एमेकचा बोल्ट (गोळीला नळीत ढकलणारा भाग) मागून हाताने बाहेर येतो, हत्यार लागत नाही. एमेकलाही बॅटरी नाही, पूर्ण मेकॅनिकल. फरक आतल्या दाबाचा आहे: एमेक 135 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास चालते. बोल्ट गोळीला हलका ढकलतो, म्हणून अर्धवट उतरलेली गोळी नळीच्या तोंडाशी चिरडत नाही. 98 चा बोल्ट हातोड्याच्या जोराने येतो. हॉपर मागे पडला की तो गोळी कापतो, नळीत रंग पसरतो आणि पुढच्या गोळ्या वाकड्यातिकड्या जातात.

सह्यभटक्या
@ओ_रिंग, कापते ती जुनी, दमट हवेत फुगलेली गोळी असेल तर, किंवा हॉपर न हलवता सटासट मारलं तर. महिन्यातून एकदा रानात खेळणाऱ्याला सेकंदाला चार-पाच गोळ्या पुरतात. साधा 200 गोळ्यांचा हॉपर तेवढं देतो. आणि नवी एमेक एकटीच तीनशेच्या घरात जाते. मग मास्क कशातून आणायचा?

ओ_रिंग
वापरलेली घ्यावी, म्हणून तर सांगतोय. एमेक जुनी झाली तरी ओ-रिंगांचा संच आणि ग्रीस एवढ्यात नव्यासारखी चालते. तिला तेल मात्र नको, ग्रीसच, तेही बोटाने पातळ थर.

लोणावळेकर
लोणावळ्याजवळ पेंटबॉलचं मैदान काढायचं म्हटलं तर किती खर्च येईल? कॉलेजचे ग्रुप भरपूर येतात, पावसाळ्यात तर तोबा गर्दी.

झाडामागचा
@लोणावळेकर, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. एवढंच आत्ता सांगतो: गोळीचं कवच जिलेटिनचं. घाटावरच्या पावसाळी हवेत उघडी पिशवी एका रात्रीत फुगते आणि नळीत फुटते. साठवणीची खोली कोरडी ठेवण्याचा खर्च मार्करच्याही आधी धरा.

शाकाहारी_मी
जिलेटिन म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचंच ना? फुटल्यावर तोंडात गेलं तर?

झाडामागचा
हो, जनावराचंच. आतला रंग पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला असतो, पाण्याने धुतला जातो. नीट मास्क तोंडही झाकतो, तरी शिंतोडे येतात. ज्यांना कडक पाळायचंय त्यांनी हे आधी माहीत करून खेळावं.

इतिहासप्रेमी
सगळे ‘मार्कर’ का म्हणताय, बंदूक का नाही, हे कुणीच सांगितलं नाही. मूळ हत्यार झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला होतं, नेल-स्पॉट 007. तेच घेऊन 27 जून 1981 ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला 12 जण पहिला डाव खेळले. निशाणं पळवायचा खेळ होता, आणि जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नव्हती. तेव्हा एमेक की 98 यावर एवढी हमरीतुमरी नको.

एडिसनकर
धन्यवाद, पण माझ्या प्रश्नाचं काय? शेजारी 20 औंसची सीओटू टाकी फुकट देतोय. ती घेतली तर टाकीचे पैसे वाचतील ना?

ओ_रिंग
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. एमेकला सीओटू चालत नाही, फक्त दाबाखालची हवा. सीओटू टाकीत द्रवरूप असतो, त्यामुळे दाब हवामानावर ठरतो: 21 अंशांना साधारण 850 पीएसआय, शून्याला 500 च्या आसपास. पोकोनोजमध्ये नोव्हेंबरात खेळलात तर सकाळी गोळी पुढ्यातच पडेल आणि दुपारी ऊन आलं की वेग मर्यादेपलीकडे जाईल. भराभर मारलं की टाकी आणखी गार पडते, द्रव मार्करात शिरतो, ओ-रिंगा कडक होतात.

सह्यभटक्या
इथे मात्र पूर्ण अनुमोदन. 98 सीओटूवर चालते, पण थंडीत फुकटची टाकीही महागात पडते. हवेची 48/3000 (48 घन इंच, 3000 पीएसआय) ॲल्युमिनियम टाकी घ्या, 60-70 डॉलर, एका भरण्यात चारशेच्या आसपास गोळ्या. कार्बन फायबरची 68/4500 दुपटीहून जास्त देते आणि हलकी असते, पण या बजेटात नाही.

झाडामागचा
एडिसनकर, आता हिशेब. मास्क 50, टाकी 65, हॉपर आणि नळीची पिशवी मिळून 20. उरतात 165. त्यात नवी 98 किंवा क्रोनस मिळते, किंवा नशीब असेल तर जुनी एमेक. हॉपर बसवताना फीडनेकची (हॉपर बसतो त्या मानेची) पकड घट्ट आहे का पाहा. वेगळी नळी आत्ता घेऊ नका, ती गोळीच्या मापाशी जुळावी लागते. गोळी नळीत टाकली आणि घरंगळत पलीकडे पडली तर सैल आहे. आत अडकून फुंकरीने निघाली तर बरोबर. मैदानावर त्यांच्याच गोळ्या घ्याव्या लागत असतील तर त्या दर खेपेला वेगळ्या मापाच्या येणार, एका नळीने काय साधणार?

एडिसनकर
आमच्याकडे त्यांच्याच गोळ्या सक्तीच्या आहेत. एक जुनी एमेक 170 ला दिसतेय, टाकीसकट. म्हणजे बजेटात बसते. घेताना काय तपासू?

ओ_रिंग
टाकी आधी. ॲल्युमिनियमच्या मानेवर हायड्रो (पाण्याच्या दाबाच्या) तपासणीचा महिना-वर्षाचा शिक्का असतो. त्याला पाच वर्षं झाली असतील तर मैदानावर हवा भरत नाहीत. मग टाकीच्या तोंडाची ओ-रिंग नखाने चाचपा. 015 माप, युरेथेनची. कडेला बारीकशी चीर जरी लागली तरी जोडताच फुस्स होणार. बदलायला काही सेंट लागतात, दहा-बारा जवळ ठेवा.

टाकी लावून मार्कर शांत जागी कानाशी धरा. एएसएपाशी आवाज आला तर हीच ओ-रिंग. नळीतून वारा आला तर बोल्टच्या ओ-रिंगा गेल्यात, त्या निमित्ताने किमतीत घासाघीस करा. नंतर क्रोनोवर दहा गोळ्या. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा फुटांपेक्षा जास्त फरक पडला तर रेग्युलेटर (दाब आटोक्यात ठेवणारा भाग) उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

टाकी काढताना आधी एमेकच्या एएसएचा नॉब सोडून आतली हवा जाऊ द्या, मगच आटे फिरवा. दाबाखाली फिरवली की पहिली चीर तिथेच पडते.

परतीचा_प्रवासी
डिसेंबरात पुण्याला जाताना विमानात नेता येतो का?

झाडामागचा
अमेरिकेतून मार्कर केबिनमध्ये नाही, चेक-इन सामानातच. टाकीचा रेग्युलेटर पूर्ण काढून तोंड उघडं असेल तरच टाकी घेतात, आणि तो स्वतः खोलू नका, दुकानातून काढून घ्या. भारतात उतरल्यावर कस्टम्सचा प्रश्न वेगळा आहे, तिकिटाआधी विचारून घ्या.

एडिसनकर
शुक्रवारी संध्याकाळी बघायला जातोय. मास्क आजच मागवला, थर्मल. मास्कची काच कशाने पुसायची?

ओ_रिंग
साधं पाणी, मऊ फडकं. अमोनियावाला काच-क्लीनर नको, पॉलिकार्बोनेट खराब होतं. आणि दुहेरी काच नळाखाली धरू नका. दोन काचांमध्ये पाणी शिरलं की ते निघत नाही.