४५ एचपी टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर: पॉवर स्टिअरिंगला जादा पैसे घालावेत का?

काळी_माती: एकाच मॉडेलला मेकॅनिकल आणि पॉवर असे दोन्ही पर्याय मिळतायत. कामं म्हणजे रोटाव्हेटर, पाळ्या आणि सीझनला उसाची दोनचाकी ट्रॉली. पुढे लोडर बसवायचाही विचार आहे. शोरूमवाले पॉवरच घ्या म्हणतात, गावात म्हणतात उगाच खर्चाचं लचांड. नेमका फरक कुठे पडतो?

बांधावरचा: लोडर नक्की असेल तर प्रश्नच मिटला, पॉवर घ्या. भरलेली बकेट उचलली की मागच्या चाकांवरचा भारही पुढच्या एक्सलवर येतो, आणि लोडरचं काम म्हणजे सारखं पुढे-मागे करत जागेवर वळणं. मेकॅनिकलमध्ये हात तर भरून येतातच, पण स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि स्पिंडलचे बुशही लवकर खलास होतात.

लोडर नसेल तर गणित उलटं. रोटाव्हेटर उचलला किंवा दोनचाकी ट्रॉली भरली की वजन मागे जातं, तोंड हलकं होतं. स्टिअरिंग तसंही सोपंच फिरतं. अडचण ही की चाकं वळलेली असतात आणि ट्रॅक्टर सरळ घसरत जातो. त्यावर पॉवरचा काडीचा उपयोग नाही. पुढे बंपरला वजनं लावा, शेतात वळताना आतल्या बाजूचा ब्रेक दाबा. रस्त्यावर मात्र डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडलं जोडूनच ठेवा.

ढेकूळफोड्या: वरचं बरोबर, पण झटक्याचं राहिलं. नांगरलेल्या रानात चाक ढेकळावर किंवा दगडावर चढलं की मेकॅनिकलचं स्टिअरिंग व्हील हातातून हिसका मारतं. म्हणून अंगठा आतून अडकवायचा नाही, व्हीलवर बाहेरून ठेवायचा. पॉवरमध्ये, म्हणजे हायड्रॉलिकमध्ये, तो धक्का तेलातच जिरतो. दिवसभर रोटाव्हेटर मारणाऱ्याला एवढ्यासाठीही पॉवर परवडतं.

काळी_माती: बिघाड काय काय होतात? आणि आत्ता मेकॅनिकल घेऊन नंतर बाहेरून किट बसवलं तर?

ऑर्बिट_सील: लोडरचं ठरत आलं असेल तर कंपनी फिटिंगच घ्या. बाहेरून करायचं म्हणजे पंप, ऑर्बिट (व्हील फिरवलं की तेल सिलिंडरकडे सोडणारं युनिट), चाकं वळवणारा सिलिंडर, होज, शिवाय पंपाला ड्राइव्ह आणि एक्सलवर ब्रॅकेट. ब्रॅकेटचं वेल्डिंग तिरकं गेलं की सिलिंडरचा रॉड वाकतो.

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा घाण. चिखल रॉडवर वाळतो, रॉडला ओरखडे पडतात, सील फाटतं. चिखलणीनंतर रॉड धुऊन पुसा. व्हील शेवटापर्यंत फिरवून दाबून धरू नका. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ओरडतो आणि तेल तापतं. होज बदलला तर पुढचा एक्सल जॅकवर घ्या, इंजिन स्लोवर ठेवा, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा.

चाकं पूर्ण वळूनही व्हील फिरतच राहतंय? इंजिन बंद करून सिलिंडरकडचे दोन्ही होज सोडा, त्यांची तोंडं प्रेशर प्लगने बंद करा. मग इंजिन स्लोवर ठेवून व्हील हलकेच फिरवा. आता घट्ट थांबलं तर सिलिंडरचं सील गेलंय, तरीही फिरलं तर ऑर्बिट.

आणि घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरू नका. पंप थांबला की स्टिअरिंग फक्त हाताच्या जोरावर चालतं, तेही मेकॅनिकलपेक्षा कितीतरी जड.