मदत हवी आहे: आयरिशच्या तोंडी परीक्षेची तयारी

नमस्कार मंडळी,
आम्ही डब्लिनला असतो. मुलगी पुढच्या वर्षी लीव्हिंग सर्टला (इथली शाळेची शेवटची परीक्षा) बसेल, आयरिश हायर लेव्हल. त्यात 40 टक्के गुण तोंडी परीक्षेचे. कवितावाचन छान जमतं, चित्रमालिकाही (चित्रं पाहून गोष्ट सांगणं) सरावाने येतात. खरी अडचण 120 गुणांच्या संभाषणाची. पाठ केलेलं उत्तर संपलं आणि पुढे कोणी "का?" विचारलं की भूतकाळातली क्रियापदं अडतात आणि ती गप्प होते. घरात आम्हा दोघांनाही आयरिश येत नाही, सराव कोण घेणार? टीजी4 (आयरिश भाषेतलं टीव्ही चॅनल) लावतो, पण ते फक्त कानावर पडतं.

ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी कृपया सांगा: उन्हाळ्यात गेल्टाख्टला (जिथे रोज आयरिश बोलतात अशा भागात) पाठवल्याने बोलण्यात फरक पडतो का? शाळेतल्या बाई मन्स्टरच्या बोलीत शिकवतात, मग मन्स्टरमधल्या केरीलाच पाठवावं की वेगळी बोली असलेलं पश्चिमेकडचं कॉनेमाराही चालेल?